५ कोटी इव्हेंटची मर्यादा आणि दीक्षाभूमीवर ताशी ७२ किलोमीटरने पळणारे स्वयंसेवक

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. प्रश्न विचारणारा मुलगा नागपुरात एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर मोबाइल नेटवर्क बसतं, तेव्हा स्वयंसेवकांच्या हातातली उपकरणं टॉवरशिवाय आपसांत बोलू शकतील का, आणि त्यासाठी राउटिंगच्या, म्हणजे मेसेजचा रस्ता ठरवण्याच्या, दोन प्रोटोकॉलपैकी एओडीव्ही (गरज पडली की रस्ता शोधणारा) बरा की ओएलएसआर (रस्त्यांचं टेबल आधीच तयार ठेवणारा), हा त्याचा विषय. साधन म्हणजे रिव्हरबेड मॉडेलर या नेटवर्क सिम्युलेटरची विद्यार्थ्यांसाठीची फुकट आवृत्ती. ५० नोड (म्हणजे उपकरणं), १ किमी × १ किमी मैदान, ११ एमबीपीएसचं वायफाय, आरटीएस (पाठवण्याआधी परवानगी मागणारी छोटी फ्रेम) चालू. प्रत्येक नोड सेकंदाला ५१२ बाइटची १० पॅकेटं पाठवतो, रँडम वेपॉइंटने (कुठलंही एक ठिकाण निवडून तिकडे जायचं, मग पुढचं) २० मीटर प्रतिसेकंद वेगाने फिरतो, आणि रन ९०० सेकंदांचा. पण रन १७० सेकंदांच्या आसपास थांबतो आणि ५ कोटी इव्हेंटची (इव्हेंट म्हणजे सिम्युलेटरला हाताळावी लागणारी एकेक छोटी घटना) मर्यादा संपल्याचा मेसेज येतो. गाइडना तर १०० नोड हवेत. सबमिशनला दीड महिना उरलाय. वर्गातला एक मित्र म्हणतो, क्रॅक आणून देतो. तर ही मर्यादा काढायची कशी?

मी गेली पंधरा वर्षं वायरलेस प्लॅनिंगच्या कामात आहे आणि दर उन्हाळ्यात असे दोन-चार प्रोजेक्ट माझ्या टेबलावर येतात. म्हणून सरळच सांगतो. तुमची अडचण ५ कोटींची नाही. तुमच्या मॉडेलमध्ये त्याहून मोठी गडबड आहे आणि मर्यादा लागली म्हणूनच ती दिसतेय. मर्यादा नसती तर ९०० सेकंद रन निवांत चालला असता, ग्राफ आले असते आणि ते चुकीचे निघाले असते.

क्रॅकचं आधी उरकतो. नैतिकतेचं व्याख्यान देत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या विद्यार्थिदशेत अशीच एक कॉपी पेनड्राइव्हवरून आमच्या लॅबमध्ये आली होती. दोन दिवसांत सगळ्या मशीनवरच्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले, माझा आठ दिवसांचा डेटा त्यातच गेला. शिवाय रिपोर्टमध्ये कोणती आवृत्ती, कोणतं लायसन्स हे लिहावं लागतं, तिथे काय लिहिणार? मशीनची तारीख मागे नेणं, पुन्हा इन्स्टॉल करणं, व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवणं या उपायांनीही काही होत नाही, कारण मर्यादा दिवसांवर नाही, एका रनमधल्या इव्हेंटवर आहे. हे 'एका रनमधल्या' लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता इव्हेंट जातात कुठे ते बघू. वायर्ड नेटवर्कमध्ये एक पॅकेट एका तारेतून एका ठिकाणी पोचतं. वायरलेसमध्ये एका नोडने तोंड उघडलं की ते सगळ्यांच्या कानावर पडतं, आणि कुणाला ऐकू आलं, कुणाला नाही, कुणाच्या कानात नुसता गोंगाट झाला, हे सिम्युलेटरला प्रत्येक कानासाठी वेगळं ठरवावं लागतं. मॉडेलरमध्ये (जुनी मंडळी अजून ऑपनेटच म्हणतात, २०१२ मध्ये रिव्हरबेडने ती कंपनी घेतली) यासाठी १४ टप्प्यांची पाइपलाइन आहे: अंतर, अँटेनाचा गेन, मिळालेली पॉवर, नॉइज, बिट एरर वगैरे. कमीत कमी धरलं तरी प्रत्येक रिसीव्हरमागे फ्रेम सुरू होण्याचा एक आणि संपण्याचा एक, असे २ इव्हेंट.

तुमचे आकडे घालू. ५० नोड गुणिले १० पॅकेटं म्हणजे सेकंदाला ५०० पॅकेटं. आरटीएस चालू आहे, म्हणून प्रत्येक पॅकेटामागे ४ फ्रेम: आरटीएस, सीटीएस (परवानगी दिली), डेटा, ॲक (पोचल्याची पावती). प्रत्येक फ्रेम उरलेल्या ४९ नोडांपर्यंत, प्रत्येकी २ इव्हेंट. ५०० × ४ × ४९ × २ म्हणजे सेकंदाला १ लाख ९६ हजार. ५ कोटी भागिले १.९६ लाख, २५५ सेकंद. तुमचा रन १७० ला थांबला, कारण यात टायमर, रांगा आणि राउटिंगचे मेसेज धरलेलेच नाहीत. म्हणजे खरा खर्च माझ्या कागदी हिशेबाच्या साधारण दीडपट. हा दीडपट आकडाही जपून ठेवा. प्रत्येकाच्या मॉडेलला तो वेगळा येतो, पण एकदा काढला की पुढचा प्रत्येक रन चालवण्याआधीच तो मर्यादेत बसेल की नाही ते कळतं.

या हिशेबात मी एक गोष्ट गृहीत धरली: प्रत्येक पॅकेट एका हॉपमध्ये, म्हणजे मधल्या कुठल्या नोडशिवाय एकाच उडीत, पोचतं. तुम्ही म्हणाल, सर, हे तर मल्टिहॉप नेटवर्क आहे. आहे का?

तुम्ही ट्रान्समिट पॉवर बदलल्याचं कुठे लिहिलेलं नाही. त्या मॉडेलमध्ये ती मुळात ०.००५ वॅट असते, म्हणजे ५ मिलिवॅट, ७ डीबीएम. रिसीव्हरचा थ्रेशोल्ड (याहून क्षीण सिग्नल समजत नाही) उणे ९५ डीबीएम. मधला फरक १०२ डीबी. मोकळ्या हवेत २.४ गिगाहर्ट्झला पहिल्या मीटरला ४० डीबी जातात आणि पुढे अंतर दहापट झालं की २० डीबी. १०२ मधून ४० गेले, उरले ६२. या ६२ मध्ये सिग्नल किती लांब जातो? सुमारे १२५० मीटर.

तुमचं मैदान १ किमी बाय १ किमी. अगदी समोरासमोरचे दोन कोपरे सोडले तर प्रत्येक नोड प्रत्येक नोडला थेट ऐकू शकतो. मग एओडीव्हीला रस्ता शोधायचाय कुठे, आणि ओएलएसआरला टेबल कसलं बनवायचंय? तुम्ही एका खोलीत बसलेल्या ५० जणांचा गलका सिम्युलेट करताय आणि त्यात टपाल खातं कोणतं चांगलं ते तपासताय.

हे मी हसण्यासाठी लिहीत नाही. माझ्या स्वतःच्या व्हायवाला एक्सटर्नल सरांनी पहिलाच प्रश्न विचारला होता, "सरासरी हॉप काउंट किती?" मे महिना, लॅबमधल्या कूलरमधलं पाणी संपलेलं, नुसतीच गरम हवा फेकत होता तो. मी तो ग्राफ कधी उघडलाच नव्हता. त्यांच्यासमोर उघडला. १ वर एक सरळ आडवी रेघ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. माझ्या रिपोर्टमध्ये चाळीस पानं दोन प्रोटोकॉलच्या तुलनेवर होती. सर चिडले नाहीत, चहाचा कप खाली ठेवून एवढंच म्हणाले, "मग राउटिंग काहून पाहून राहिला बे?" तीन महिने वाढवून मिळाले.

तेव्हा पहिलं काम, ६० सेकंदांचा एक रन चालवा आणि फक्त हॉप काउंट बघा. बाकी काही बघू नका.

दुसरं, चॅनेलमध्ये जागा किती आहे तेही बघा. ११ एमबीपीएस म्हटलं की मुलं ११ ला भागायला लागतात. प्रत्यक्षात एका पॅकेटाची देवाणघेवाण अशी होते: डीआयएफएस (ठरावीक थांबा) ५० मायक्रोसेकंद, बॅकऑफ (रँडम थांबा) सरासरी ३१० च्या आसपास, मग आरटीएस, सीटीएस, डेटा, ॲक, आणि या प्रत्येकाच्या आधी १९२ मायक्रोसेकंदांचा प्रिॲम्बल आणि हेडर. कंट्रोल फ्रेम १ एमबीपीएसने गेल्या तर सगळं मिळून जवळजवळ २ मिलिसेकंद होतात. म्हणजे सगळे एकमेकांना ऐकत असतील तर सेकंदाला जेमतेम ५०० पॅकेटं, आणि तुम्ही बरोबर ५०० च टाकताय. चॅनेल काठोकाठ भरलाय, टक्कर झाली की रांगा वाढतच जाणार. अशा वेळी दोन्ही प्रोटोकॉलचा डिले सारखाच वाईट येतो आणि विद्यार्थी लिहितो की 'फारसा फरक आढळला नाही'.

आता दुरुस्ती. इथे बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून मी दीक्षाभूमी धरूनच सांगतो.

गेल्या विजयादशमीला मी रहाटे कॉलनी चौकात उभा होतो. फोनवर सिग्नलच्या सगळ्या दांड्या भरलेल्या, आणि बहिणीला पाठवलेल्या मेसेजसमोर घड्याळाचं चिन्ह तसंच अडकून बसलेलं. सिग्नल भरपूर होता, फक्त लाखो लोकांमध्ये वाटून जागा उरली नव्हती. दुसरी गोष्ट, माणसाचं शरीर म्हणजे बहुतांशी पाणी, आणि २.४ गिगाहर्ट्झ त्यात मुरतो. खांद्याला खांदा लागलेल्या गर्दीत मोकळ्या हवेचं सूत्र चालत नाही. अंतर दहापट झालं की २० डीबीऐवजी ३० डीबी जातात असं धरलं, म्हणजे घातांक २ चा ३ केला, तर तेच ६२ डीबी तुम्हाला १२५० मीटरऐवजी ११५-१२० मीटरपर्यंतच नेतात. एका आकड्याने अख्खं नेटवर्क बदलतं.

विद्यार्थ्यांच्या आवृत्तीत घातांक बदलण्याची सोय नसेल तरी मार्ग आहे. मोकळ्या हवेचंच सूत्र ठेवायचं आणि पॉवर इतकी खाली आणायची की रेंज सव्वाशे मीटर यावी. १२५ मीटरला मोकळ्या हवेत ८२ डीबी जातात. उणे ९५ अधिक ८२, म्हणजे उणे १३ डीबीएम, ०.०५ मिलिवॅट. खिडकीत ०.००००५ वॅट टाका. रिपोर्टमध्ये लिहा की ही पॉवर खऱ्या उपकरणाची नाही, गर्दीतली रेंज साधण्यासाठी घेतलेली आहे. हे लिहिलं नाही तर तो खोटेपणा होतो, लिहिलं तर गृहीतक होतं.

रेंज १२५ आली की ५० नोड १ चौरस किलोमीटरमध्ये ठेवून चालणार नाही, एकेकाला दोन-दोनच शेजारी मिळतील आणि नेटवर्कचे तुकडे पडतील. मैदान ५०० मीटर × ५०० मीटर करा. मग प्रत्येकाला सरासरी ७-८ शेजारी आणि साधारण अडीच हॉप मिळतात. आता राउटिंगला काहीतरी काम आहे.

इथे बरेच जण अडखळतात. पॉवर कमी केली म्हणून इव्हेंट आपोआप कमी होत नाहीत. लांबच्या नोडला फ्रेम समजली नाही तरी पाइपलाइन त्याच्यासाठी चालतेच, कारण त्याचा नॉइज तर मोजायचा असतो. त्यासाठी आरएक्स ग्रुप कॉन्फिग नावाचा एक ऑब्जेक्ट आहे, तो मैदानावर ठेवून त्यात अंतराची मर्यादा घालायची. ही मर्यादा रेंजएवढी ठेवण्याची चूक करू नका. १२५ मीटरपलीकडचा नोड समजत नसला तरी त्याचा गोंगाट टक्कर घडवतोच. जुन्या एनएस-२ या सिम्युलेटरमध्ये २५० मीटर रेंजला ५५० मीटर कॅरिअर सेन्सचं (दुसरं कुणी बोलतंय एवढं कळण्याचं) अंतर असे. त्याच प्रमाणात तुम्ही २७५ मीटर ठेवा. आता ४९ ऐवजी सरासरी २७ कान राहतात.

झालं का काम? नाही! मोजा: ५०० पॅकेटं × २.५ हॉप × ४ फ्रेम × २७ कान × २, म्हणजे सेकंदाला २ लाख ७० हजार. आधीपेक्षा जास्त! मॉडेल बरोबर केल्यावर मर्यादा आणखी लवकर लागणार. यात माझा हिशेब चुकलेला नाही. खरं मल्टिहॉप नेटवर्क महागच असतं, तुमचं आधीचं स्वस्त होतं कारण ते मल्टिहॉप नव्हतं.

खर्च खरा कमी होतो तो ट्रॅफिकमध्ये. ५० च्या ५० स्वयंसेवक दर सेकंदाला १० पॅकेटं कुणाला आणि कशासाठी पाठवतील? हरवलेलं मूल सापडलं, अमुक गेटला पाणी संपलं, ॲम्ब्युलन्सला वाट द्या, असले मेसेज असतात. एका वेळी १० जोड्या बोलताहेत आणि प्रत्येक जोडी सेकंदाला ४ पॅकेटं टाकते, हेही उदार आहे. हे आकडे मी मनाचे घेतलेले नाहीत. १९९८ च्या मोबिकॉम परिषदेत कार्नेगी मेलनच्या गटाने ॲडहॉक (टॉवरशिवाय थेट आपसांतल्या) राउटिंगची जी तुलना मांडली, तिच्यात ५० नोड, ९०० सेकंद आणि सेकंदाला ४ पॅकेटं होती, बोलणारे नोड १०, २० आणि ३०. तुमचे ९०० सेकंद बहुधा तिथूनच फिरत फिरत तुमच्यापर्यंत आलेत. ९०० घेतले, पण ४ पॅकेटं आणि १० बोलणारे वाटेत कुठेतरी गळले.

आता ४० पॅकेटं × २.५ × ४ × २७ × २ म्हणजे सेकंदाला २१,६००. ओएलएसआरचे हॅलो दर २ सेकंदांनी शेजाऱ्यांना जातात आणि नेटवर्कची रचना कळवणारे टीसी मेसेज दर ५ सेकंदांनी सगळीकडे पसरतात, त्याचे अंदाजे १०,००० धरा. एकूण ३१,६००, तुमचा दीडपट लावून ४७ हजारांच्या आसपास. ९०० सेकंदांना सव्वाचार कोटी. बसलं ५ कोटींत.

आरटीएस बंद केला तर डेटाचा खर्च आणखी निम्मा होतो, पण तो मोह मी टाळेन. मल्टिहॉपमध्ये एकमेकांना न ऐकणारे दोन नोड मधल्या तिसऱ्याकडे एकदम पाठवतात, आणि तीच इथली मोठी डोकेदुखी आहे. आरटीएस बंद करून तो प्रश्न सुटला की लपला, हे तुम्हालाच सांगता येणार नाही. स्टॅटिस्टिक्स कमी निवडली किंवा ॲनिमेशन बंद केलं तर रन लवकर संपतो आणि डिस्क वाचते, इव्हेंट मात्र तेवढेच राहतात. यात वेळ घालवू नका.

आता शीर्षकातल्या ७२ किलोमीटरबद्दल. २० मीटर प्रतिसेकंद म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. दीक्षाभूमीवरच्या गर्दीत एवढ्या वेगाने पळणारा स्वयंसेवक दिसला तर आधी पोलीस त्याला धरतील. गर्दीत माणूस अर्धा ते एक मीटर प्रतिसेकंद चालतो. किमान वेग ०.५ आणि कमाल १ ठेवा. किमान शून्य ठेवू नका. रँडम वेपॉइंटमध्ये किमान वेग शून्य असला की काही नोड जवळजवळ थांबल्यासारखे सरकत राहतात, लांबचं ठिकाण गाठायला त्यांना फार वेळ लागतो आणि रन जसजसा पुढे जातो तसतसा सगळ्या नेटवर्कचा सरासरी वेग घसरत जातो. २००३ मध्येच हे दाखवून झालंय, तरी दर वर्षी दोन रिपोर्टमध्ये शून्य सापडतो.

वेग कमी केल्याचाही एक परिणाम आहे, तो आधीच सांगून ठेवतो. एक मीटर प्रतिसेकंदने चालणारे दोघं एकमेकांच्या रेंजबाहेर जायला मिनिट-दीड मिनिट घेतात. रस्ते कमी वेळा तुटतात. एओडीव्ही आणि ओएलएसआरमधला फरक मुख्यतः रस्ता तुटल्यावर दिसतो. म्हणून १०० सेकंदांच्या छोट्या रनमध्ये दोघे सारखेच दिसतील. माझ्या मते तुम्हाला ६०० सेकंद लागतील, आणि वरच्या हिशेबाने त्याला २ कोटी ८५ लाखांच्या आसपास इव्हेंट. आरामात. पहिली ३० सेकंदं मोजणीतून वगळा, तेवढ्यात ओएलएसआरचे टेबल भरतात.

आता 'एका रनमधल्या' या शब्दांकडे येऊ. बऱ्याच मुलांना वाटतं, ९०० सेकंदांचा एकच रन हवा, नाही जमला तर ३००-३०० चे तुकडे करून जोडू. तसं जोडता येत नाही, दुसरा तुकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. पण तसं जोडायची गरजही नाही. एकाच सीडचा (रँडम आकडे ज्या आकड्यापासून सुरू होतात तो) एकच लांब रन म्हणजे एकाच दिवसाची गोष्ट. त्याऐवजी वेगवेगळ्या सीडचे १० रन घ्या. प्रत्येकाला स्वतःचे ५ कोटी मिळतात, कुणाची परवानगी लागत नाही, आणि आकडेशास्त्राच्या दृष्टीने हेच बरोबर आहे.

समजा ओएलएसआरच्या १० रनमध्ये पोचलेल्या पॅकेटांचं सरासरी प्रमाण ८७ टक्के आलं आणि स्टँडर्ड डेव्हिएशन ४. दहा रनला ९५ टक्के खात्रीसाठी टी चा आकडा २.२६२. गुणिले ४, भागिले दहाचं वर्गमूळ, म्हणजे २.९. तुमचं उत्तर ८७ ± २.९. एओडीव्हीचं ८९ आलं तर तो जिंकला असं लिहिता येणार नाही. पण दोन्ही प्रोटोकॉल त्याच सीडवर, त्याच हालचालीवर चालवले असतील तर जोडीजोडीने वजाबाकी करा आणि त्या १० फरकांवर हाच हिशेब करा. मैदानाचं नशीब दोघांना सारखंच मिळाल्यामुळे पट्टा अरुंद होतो, आणि जो फरक आधी धूसर होता तो कधीकधी स्पष्ट दिसतो. एक्सटर्नल सहसा इथेच खूश होतात.

गाइडच्या १०० नोडबद्दल. त्यांच्याशी बोलताना 'सॉफ्टवेअर देत नाही' हे वाक्य वापरू नका, ते बहाण्यासारखं ऐकू येतं. त्यांना विचारा, "सर, मैदान तेवढंच ठेवून गर्दी दुप्पट करायची, की गर्दी तेवढीच दाट ठेवून मैदान दुप्पट करायचं?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बहुतेक गाइडनी तो विचार केलेला नसतो. पहिल्यात टक्कर वाढते, दुसऱ्यात हॉप वाढतात. ५०० मीटरच्याच मैदानात १०० नोड टाकले तर कान दुप्पट, ओएलएसआरचे मेसेज साधारण चौपट, दीडपट लावून सेकंदाला सव्वा लाख इव्हेंट. ३०० सेकंदांचा रन पावणेचार कोटींत बसतो. म्हणजे तुमची फुकट आवृत्ती गाइडची मागणीही पुरी करते. फक्त काही आवृत्त्यांमध्ये नोडच्या संख्येवर वेगळी मर्यादा असते, ती आधी तपासा. रन ६०० वरून ३०० वर आल्यामुळे ५० आणि १०० च्या आकड्यांची थेट तुलना करायची असेल तर ५० नोडचाही ३०० सेकंदांचा एक संच घ्या.

याच्याही पुढे जायचं असेल, २०० नोड, वेगळे रेडिओ, स्वतःचं राउटिंग, तर फुकट आवृत्तीशी झगडू नका. एनएस-३ घ्या. मुक्त सॉफ्टवेअर आहे, जीपीएल आवृत्ती २ खाली, इव्हेंटची मर्यादा नाही, मशीनची मेमरी आणि तुमचा धीर हीच काय ती मर्यादा. एओडीव्ही, ओएलएसआर, डीएसडीव्ही, डीएसआर त्यात तयार आहेत आणि राउटिंगच्या उदाहरणांमध्ये मॅनेट-राउटिंग-कम्पेअर नावाची फाइल आहे, ती जवळपास तुमचाच प्रोजेक्ट आहे. तिच्यातही मुळात ५० नोड आणि २० मीटर प्रतिसेकंद आहे, तेव्हा तिथेही ते ७२ किलोमीटर आधी खोडा. सी++ येत नसेल तर पहिले पंधरा दिवस बिल्डच्या एररमध्ये जातील, हे मी स्वतःच्या आणि निदान सहा मुलांच्या अनुभवावरून सांगतो. ओमनेट++ आणि त्यावरचं आयनेट हा दुसरा पर्याय, शिक्षणासाठी फुकट, आणि मॉडेलरमधून येणाऱ्याला त्याच्या खिडक्या ओळखीच्या वाटतात. दोन्ही शिकायला उत्तम, पण दीड महिन्यात सबमिशन असताना साधन बदलू नये असं माझं मत. चार महिने असते तर मी एनएस-३ च सांगितलं असतं.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण व्हायवाला विचारतील. साध्या अँड्रॉइड फोनमध्ये ॲडहॉक मोड वापरकर्त्याला मिळत नाही, वायफाय डायरेक्ट मिळतं, आणि ते वेगळं आहे. म्हणून विषयाच्या नावात 'स्वयंसेवकांचे फोन' असेल तर ते बदलून 'स्वयंसेवकांकडील हातातली रेडिओ उपकरणे' करा. आत्ताच करा, बाइंडिंगनंतर होत नाही.

तर या आठवड्यात एवढंच करा. पॉवर ०.००००५, मैदान ५००, आरएक्स ग्रुप २७५, १० जोड्या, ४ पॅकेटं, वेग ०.५ ते १, आणि ६० सेकंदांचे दोन रन, एक एओडीव्हीचा आणि एक ओएलएसआरचा. दोन्हींचा सरासरी हॉप काउंट आणि एकूण इव्हेंट मला कळवा. हॉप दोन ते तीनमध्ये आले आणि इव्हेंट ३० लाखांच्या आत राहिले तर पुढचं सगळं सरळ आहे. हॉप अजून १ च दिसला तर पॉवर प्रत्येक नोडवर बदलली का ते बघा. बहुतेक वेळा ती एकाच नोडवर बदललेली असते आणि बाकीचे ४९ अजून ५ मिलिवॅटवर ओरडत असतात.